उघड्या खात्याचे धनी

माझ्या नातीच्या पणजीने पंचक्रोशीच्या धान्यकोठाराची किल्ली कमरेला लावून आयुष्य काढले. आजीने, म्हणजे मी, मुलींच्या वसतिगृहाचे फाटक राखले. आईने टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून साऱ्या गावाची बोलणी जोडून दिली आणि त्यातले एक अक्षर कधी घरी आणले नाही. आमच्या घरातल्या बायका दारे राखत आल्या. नातीच्या वाट्याला कॉलेजच्या संगणकांचे आणि नेटवर्कचे दार आले, इतकाच काय तो फरक.

दार राखणाऱ्याला पहिली शिवी घरातलाच देतो. नातीने प्रत्येक प्राध्यापकाला स्वतःचे खाते आणि स्वतःचा पासवर्ड दिला, आणि खुर्ची सोडताना खाते बंद करा, असे सांगितले. विसरभोळ्यांसाठी सोय केली की थोडा वेळ हात लागला नाही तर यंत्र आपोआप कुलूप घालील. तेवढ्यावरून त्या विद्वानांच्या पंगतीत असा गहजब झाला, की जणू कोणी त्यांच्या खिशात हात घातला होता. विद्यार्थ्यांना शिस्तीवर तासभर ऐकवणारी ही माणसे! स्वतःवर चार अक्षरे लक्षात ठेवायची पाळी आली, तेव्हा मात्र त्यांचा स्वाभिमान जागा झाला.

सर्वांत मोठा आवाज पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांचा. विद्यार्थी त्यांना ‘प्रमेय’ म्हणत, कारण ते काहीही बोलले तरी ते सिद्ध झाले आहे अशाच सुरात बोलत. त्यांनी प्राचार्यांपुढे गाऱ्हाणे मांडले, की चहा घेऊन परत यावे तर यंत्र त्यांनाच ओळख विचारते. नातीला ते तोंडावर ‘कुलूपवाल्या बाई’ म्हणत. प्राचार्यांनी तिला बोलावून स्टाफरूमच्या यंत्राचे कुलूप काढायला सांगितले. तिने लेखी हुकूम मागितला, तेव्हा ते हसले. घरच्या माणसांत लेखी कसले, म्हणाले. तिने कुलूप काढले.

त्या दिवसापासून रोज सकाळी प्रमेय समारंभपूर्वक आपले खाते उघडत आणि दिवसभर सारी स्टाफरूम त्यांच्या नावावर कामे उरकत असे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात. इथे दळणाराच कुत्र्याला पंगतीचे आमंत्रण देत होता.

व्हायचे ते झाले. परीक्षेच्या आठवड्यात भर दुपारी पदार्थविज्ञानाची प्रश्नपत्रिका विद्यार्थ्यांच्या सूचनाफलकावर, म्हणजे कॉलेजच्या प्रत्येक मुलाला दिसणाऱ्या पानावर, जाऊन बसली. कोणाच्या खात्यातून गेली, हे यंत्राने निमूटपणे सांगितले. प्रमेयांच्या.

मी कॉलेजच्या कार्यकारी मंडळावर आहे, त्यामुळे मंडळाची बैठक ठरल्याचे मला आधी कळले. प्राचार्यांचा प्रस्ताव सरळ होता: प्रमेयांना बडतर्फ करावे. निवृत्ती तोंडावर आलेली. आयुष्यभराची नोकरी पेपर फोडणाऱ्याच्या नावाने संपणार होती.

नातीने ही बातमी कपड्यांना इस्त्री करता करता ऐकली आणि म्हणाली, “बरं झालं. आता कळेल कुलूप कशाला असतं.”

माझी लेक कधी आवाज चढवत नाही. तिने इस्त्रीचे बटण बंद केले आणि विचारले, “त्यांचे वडील कोण होते, ठाऊक आहे तुला?”

ते शाळेचे मुख्याध्यापक. एका शिष्यवृत्तीचा निकाल त्यांनी जाहीर होण्याआधी टेलिफोनवर मित्राला सांगितला आणि तो गावभर झाला. संशय कोणावर, तर बोलणे जोडून देणाऱ्या मुलीवर. माझ्या लेकीची चौकशी लागली. नोकरी जाणारच होती. तेव्हा कोणी न बोलावता ते गृहस्थ चौकशीच्या खोलीत आले आणि म्हणाले, “बोलताना माझ्या खोलीचं दार मीच उघडं ठेवलं होतं. बाहेर माणसं बसलेली होती. मुलीचा दोष नाही.” त्या एका वाक्यापायी त्यांची बढती कायमची अडली. आभार मानायला मी स्वतः गेले, तर त्यांनी बसायलाही सांगितले नाही. वाक्य खरे होते म्हणून बोललो, म्हणाले. तेव्हापासून त्यांच्या घरावरून जाताना माझी लेक मान खाली घालून जात आली आहे.

नात चिडलीच. “बाप दार उघडं राहिलं म्हणून कबूल करणारा, आणि मुलगा दार उघडंच ठेवा म्हणून भांडणारा. याच्यासाठी मी का बोलू?”

“ऋण बापाचं आहे,” लेक म्हणाली.

आज्ञा करण्याची मला सवय आहे, पण आज्ञेने फेडलेले ऋण फिटत नसते.

बैठकीत प्रमेयांचा सिद्ध झाल्याचा सूर प्रथमच हरवला होता. त्या वेळी आपण परीक्षेच्या वर्गावर देखरेखीला होतो, एवढेच त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. प्राचार्यांनी ते झटकून टाकले: खाते ज्याचे, जबाबदारी त्याची. नियम बायकोच्या माहेराहून आणल्यासारखा मिरवत होते. मग त्यांनी साक्षीसाठी नातीला उभे केले.

ती म्हणाली, “नियम बरोबर आहे. सरांनी खातं उघडं सोडलं, हा त्यांचा दोष. कुलूप मी काढलं, हा माझा. चुकीचं आहे हे कळत असताना काढलं. दोन्ही लिहून घ्या.” एका सभासदाने तिला पुन्हा विचार करायला सुचवले. तिने तिकडे लक्ष दिले नाही. “पण खातं म्हणजे माणूस नव्हे. साहेब, आपण आपलं खातं इथे उघडून दाखवता का?”

प्राचार्य हसले. समोरच्या यंत्रावर त्यांनी काहीतरी टंकले. यंत्राने नाकारले. पुन्हा टंकले, पुन्हा नाकारले.

“उघडणार नाही,” नात म्हणाली. “मी ते तयार करून दिलं, त्यानंतर आपण एकदाही उघडलेलं नाही. मग परीक्षेची एवढी कामं आपण कोणाच्या खात्यातून करत होता?”

साक्षीला बोलावलेले स्टाफरूममधले दोघे प्राध्यापक एकदम छताकडे पाहू लागले. ज्याने कुलूप काढायला लावले, तोच त्या उघड्या दारातून रोज आत-बाहेर करत होता, आणि हे साऱ्या स्टाफरूमला ठाऊक होते. एकाचेही तोंड उघडले नव्हते. पदव्या भिंतीवर टांगलेल्या. कणा कुठे टांगून ठेवला होता, कोण जाणे.

“प्रश्नपत्रिका परीक्षा समितीला पाठवायची होती,” प्राचार्य शेवटी पुटपुटले. “घाईत दुसरीकडे गेली.”

घाईत गेली हे मला मान्य आहे. दुसऱ्याच्या नावावर ढकलली, ती मात्र सावकाश.

प्रश्नपत्रिका नवी निघाली. प्राचार्यांना जावे लागले. प्रमेयांना ताकीद मिळाली, नातीलाही मिळाली, आणि तिची ठरलेली बढती अडली. मंडळात त्या ताकिदीच्या बाजूने मीही हात वर केला. दोष कबूल केल्यावर तो नातीचा म्हणून हलका होत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रमेय तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आभाराचे एक लांबलचक वाक्य बांधून आणले होते. तिने ते मध्येच तोडले. “वाक्य खरं होतं म्हणून बोलले, सर.”

हे शब्द त्यांनी कुठे ऐकले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटले. मग म्हणाले, “कुलूप परत लावा, बाई.”

त्या संध्याकाळी माझी लेक बाजारातून मुख्याध्यापकांच्या घरावरून आली. मान वर करून आली.