टाचा टेकल्या तेव्हा

माझा नवरा फरशी बसवतो. उभं-आडवं सरळ आहे का ते तपासायचा ओळंबा आणि पाणसळ हीच त्याची दुनिया. भिंतीवरचं कॅलेंडर जरा कललेलं दिसलं तरी त्याला घास गोड लागत नाही. अशा माणसाच्या घरी टिल्लू जन्मला. पोट पुढे काढून, पाठ मागे टाकून, चवड्यांवर चालणारा.

टिल्लूचे स्नायू हळूहळू झिजताहेत. माझ्या भावालाही हेच होतं. लहानपणी तो न्हाणीत पडला, पाय मोडला. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण तेवढ्या दिवसांत पायांतला उरलासुरला जोर गेला. तो पुन्हा कधी उभा राहिला नाही. त्यामुळे घरात साधं भांडं पडलं तरी माझ्या काळजात धस्स होतं.

पाऊल काटकोनात धरून ठेवणारे घोट्याचे पट्टे मिळाले तेव्हा व्यायाम घेणाऱ्या ताईंनी बजावलं होतं, "हे फक्त झोपताना, पोटऱ्या आखडू नयेत म्हणून. घालून चालवायचं नाही हं. मांड्यांत जोर नाही त्याच्या, चवड्यांवरच तोल सांभाळतो तो. टाचा टेकवल्यात तर गुडघे दगा देतील." मी कान देऊन ऐकलं. नवऱ्याने मान डोलावली. तो मान डोलावतो तेव्हा ऐकत नसतो.

त्या दुपारी मी कामावरून लवकर आले. दार उघडंच होतं. टिल्लू खोलीच्या मधोमध उभा होता, पायांना पट्टे, दोन्ही टाचा जमिनीवर. अगदी सरळ. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला आनंद झाला. चारचौघांच्या मुलांसारखा दिसत होता. समोर त्याचा बाप हात पसरून बसला होता. "ये राजा, ये. कसा ताठ उभा आहेस बघ!"

मग मला टिल्लूचे गुडघे दिसले. लटलट कापत होते.

ओरडणार होते, पण तोंडावर हात दाबला. ओरडले असते तर टिल्लूने वळून पाहिलं असतं, आणि तोल गेला असता. चपला काढून मी भिंतीच्या कडेने पुढे सरकू लागले. एवढ्यात नवऱ्याचं लक्ष गेलं आणि तो कौतुकाने म्हणाला, "अगं, बघ तरी याला!"

टिल्लू वळला. गुडघा मुडपला.

मी झेप घेतली. त्याचं डोकं फरशीवर आपटायच्या आत तो माझ्या हातांत आला आणि आम्ही दोघंही कोसळलो. मी त्याच्या मांड्या, गुडघे, नडग्या चाचपत राहिले. "दुखतंय का? इथे? इथे?" कुठेच दुखत नव्हतं. तरी माझे हात थांबेनात.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "रोज चालतो गं तो," तो पुटपुटला. "कधी नको म्हणाला नाही."

मी पट्टे सोडत टिल्लूला विचारलं, "भीती नाही वाटली तुला?"

"वाटते ना. खूप वाटते," तो म्हणाला. "पण हे घालून चाललो की बाबा माझ्याकडे बघतात."