मांडीवरची थाप

पुण्या-नाशकाची माणसं काशीत जुनं जगणं बघायला येतात आणि पहिलं विचारतात, संडास कमोडचा आहे का. बँकेतून सुटल्यापासून मीच त्यांना हिंडवतो. आधी ठठेरी बाजारात पितळ ठोकणारे, मग रेशमाच्या पेढीवर चहा आणि उलगडलेल्या साड्या, शेवटी रामघाटावर नरहरशास्त्र्यांकडे वेदपठण. पत्रकात छापलेलंच आहे, ‘इथं सगळं अजून तसंच चालू’.

तसंच म्हणजे कसं, ते मला विचारा. शास्त्रीबुवांचा पाठ दोघांचा. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. म्हणणारा चुकला की ऐकणाऱ्यानं मांडीवर थाप मारायची. मग म्हणणारा मागं जाऊन दुरुस्त करतो. ऐकणारे यज्ञेश्वरभट सहा वर्षांपूर्वी गेले. शेजारच्या पाठशाळेत मुलं आहेत, पण त्यांची वेदशाखा वेगळी. यांचा पाठ घ्यायला कुणी येत नाही.

म्हणून बुवांनी एक युक्ती काढली. प्रत्येक गटापुढं ते एक पद, म्हणजे एक शब्द, मुद्दाम गाळतात. गाळताना उजवा अंगठा मुठीत दाबतात, हे फक्त मला ठाऊक.

“जो थाप मारेल त्याला उरलेला सगळा पाठ देऊन मोकळा होईन, रत्नाकर,” ते म्हणतात.

आजवर गट त्रेपन्न, माणसं सहाशेच्या वर. थाप शून्य. टाळ्या भरपूर.

चोपन्नावा गट गेल्या मंगळवारी आला. चौदा जण, फोन सतरा. लतिकाताई नावाच्या बाईंनी बसता बसताच विचारलं, “गुरुजी, छोटं काही आहे का? अकराची नाव आहे आमची.”

“छोटंच आहे,” बुवा म्हणाले. “तीन हजार वर्षांचं.”

सगळे हसले. बुवा हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. ठरल्या जागी अंगठा मुठीत गेला. मी चौदा मांड्या पाहिल्या. एका गृहस्थाचा हात हलला, मी पुढं सरसावलो. ते डास मारत होते.

बुवा पुढं गेले. थोड्या वेळानं आतून आवाज आला. थाप. कोरडी, एकच.

बुवा थांबले. अंगठा मोकळा होता. ही चूक मुद्दामची नव्हती.

आत फक्त इंदूकाकू, बुवांच्या पत्नी. चव्वेचाळीस वर्षं त्या चुलीशी, दाराच्या त्या बाजूला. त्यांना कुणी एक अक्षर शिकवलेलं नाही. आणि मुद्दामच्या त्रेपन्न चुकांना, आताच्या चोपन्नाव्यालासुद्धा, त्यांनी कधी हात उचलला नव्हता. मुद्दामची चूक त्यांना ओळखू येत होती, इतकाच त्याचा अर्थ.

गटाला वाटलं संपलं. टाळ्या झाल्या. “किती पवित्र वाटलं!” म्हणत लतिकाताई पायऱ्या उतरल्या. गटाला नावेत बसवून मी धावत परत आलो.

“बुवा, सापडलं की माणूस!”

“कोण?”

“कोण काय! काकू! घरातच होतं की हो!”

बुवांनी उपरणं सारखं केलं. “काही तरी बोलू नकोस. आत भांडं पडलं असेल.” मग दाराकडं न बघता, “काय गं, भांडं पडलं ना?”

काकू दारात आल्या. उजवा तळवा पदरात गुंडाळलेला. क्षणभर माझ्याकडं बघितलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “भांडंच पडलं.”

“बघ,” बुवा मला म्हणाले. “पुढचे कधी येतायत?”

“गुरुवारी. बावीस जण.”

“बावीस म्हणजे पुष्कळ झाले. त्यात असेल कुणी.”

मी चपला घालत होतो तेव्हा त्यांनी पुन्हा सुरू केलं, हळू, स्वतःशीच. मघाच्या जागेपर्यंत आले आणि अडले. मागं गेले. पुन्हा आले, पुन्हा तिथंच. पद निसटलं होतं, खरोखरच. तिसऱ्या वेळी थांबून त्यांनी मान वळवली आणि दाराकडं पाहत राहिले.

आत काकूंनी नळ सोडला. पूर्ण.

मी घाटाच्या पायऱ्यांवर आलो तेव्हा ते चौथ्यांदा मागं गेले होते.