पाचवा प्रश्न भरताना

भिंत दवाखान्याची होती, चढावरच्या रस्त्याला लागून. दारू सोडवणारा दवाखाना. त्या भिंतीवर नऊ प्रश्न लिहायचे होते, उत्तरांसकट. प्रश्न डॉक्टरीणबाईंनी मनाने काढलेले नव्हते. लोक खिडकीपाशी यायचे, आवाज खाली घालायचे आणि ‘आमच्या शेजारच्यांना विचारायचं होतं’ अशी सुरुवात करून जे विचारायचे, तेच बाईंनी कागदावर उतरवून घेतलं होतं.

“विचारायची लाज वाटते माणसाला, वाचायची वाटत नाही,” बाई म्हणाल्या होत्या. “वाचताना आपण बसची वाट बघतोय असं दाखवता येतं.”

समोर बसथांबा होताच.

काम मिळालं पेंटरला. तो या दवाखान्याचाच पेशंट. दहा दिवस आत राहून, सलाइन लावून घेऊन, धुतलेल्या फडक्यासारखा पिळून निघून बाहेर आला होता. त्यानंतर दोन महिने एक थेंब नाही. बाईंनी त्याला कागद दिला आणि म्हणाल्या, “घाई नाही. सकाळी दोन-तीन तास, जमेल तेवढं.” त्याच्या हाताला पुन्हा कामाची सवय लागावी, एवढाच त्यांचा हिशेब असावा.

आणि पेंटर आला म्हणजे पेंटरीणबाई आलीच. तिला सगळे हेच म्हणायचे. एकवीस वर्षं दोघांची कामाची वाटणी ठरलेली होती. सुतळीला खडू चोळून भिंतीवर फटका मारायचा, सरळ ओळी उमटवायच्या. मग मनगटाखाली काठी टेकवून त्याने अक्षरांच्या कडा काढायच्या आणि तिने त्या भरायच्या. शाळा तिची दुसरीतच सुटली होती. वाचायला ती शिकली ती अशी, अक्षरांच्या पोटात शिरून. पण धंद्याचा एक नियम त्याने तिला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. भरताना वाचायचं नाही. वाचायला लागलं की डोळा पुढच्या अक्षराकडे पळतो आणि रंग कडेबाहेर जातो. “मजकूर गिऱ्हाइकाचा,” तो म्हणायचा. “आपलं फक्त पोट.”

त्यामुळे एकवीस वर्षांत तिने शेकडो पाट्या भरल्या, आणि त्यातल्या फार थोड्या वाचल्या.

मधल्या, त्याच्या पिण्याच्या काळात तिने कडाही काढल्या होत्या. त्याचा हात सकाळी थरथरायचा. गिऱ्हाइकाला कळायच्या आत ती शिडीवर चढायची. कुणी विचारलंच तर तिच्या तोंडात उत्तर तयार असायचं. पाठ धरलीय त्यांची. ताप आहे अंगात. रात्रभर झोप नाही हो, वरच्या मजल्यावर ठोकाठोक चालू होती. वरच्या मजल्यावर कुणी राहतच नव्हतं. वरचा मजलाच नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिची मूठ इतकी वर्षं झाकून झाकून आखडली होती.

पण आता ते दिवस सरले होते. तिने आपल्या बहिणीला छातीठोक सांगितलं होतं, “या वेळी सुटली.” भिंतीच्या सुरुवातीला त्याचा हात थोडा कापायचा, पहिला आणि दुसरा प्रश्न काढताना त्याला दर ओळीला थांबावं लागायचं. मग तिसऱ्या प्रश्नापासून हात असा स्थिरावला की तिलाच दृष्ट लागायची भीती वाटली. रेघा कशा, तर ताणलेल्या तारेसारख्या. लग्नाच्या वर्षी काढायचा तशा. बाईंची औषधं लागू पडली, ती मनात म्हणाली, आणि दोन आठवडे गाढ झोपली.

त्या सकाळी हवेत गारवा होता. पेंटर वर फळीवर उभा राहून सहावा प्रश्न काढत होता, ती खाली पाचव्याचं उत्तर भरत होती. लांबलचक उत्तर होतं, सात ओळींचं. शेवटची ओळ चालू होती. फाटकाशी स्टुलावर बसलेले वॉचमनकाका चहा फुंकत वर बघत होते.

“पेंटर, सहाव्या प्रश्नाला थंडी वाजतेय काय? कुडकुडायला लागलाय.”

“झोप नाही झाली त्यांची,” ती पटकन म्हणाली. आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं, की हे वाक्य अजून तोंडात तसंच तयार होतं.

झोप मात्र खरंच नव्हती झाली. रात्रभर तो उठत-बसत होता. सकाळी त्याने चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरली होती. तिने बघितलं आणि बघितलं नाही.

“अगं,” तो वरून म्हणाला, “त्या मुंग्या पूस जरा.”

“कुठल्या मुंग्या?”

“ही काय रांग. ओल्या रंगावरून चाललीय.”

तिने मान वर केली. भिंत स्वच्छ होती. “साखर घातलीत की काय रंगात?” ती हसून म्हणाली.

तो हसला नाही. त्याने कमरेची चिंधी काढली आणि भिंतीवर फिरवली, एकदा, दोनदा, घाईघाईने. आणि तयार अक्षरांवरून निळा फराटा ओढला गेला. ती ब्रश धरून तशीच राहिली. पिऊन तर्र असतानाही या माणसाने कधी तयार अक्षर पुसलं नव्हतं. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. या गारव्यात.

“आजचा दिवस सांभाळ,” तो खाली न बघता म्हणाला. “कडा तू काढ. मी खाली बसून भरतो. उद्या बाईंकडे तपासणी आहे माझी, उद्यापर्यंत होतं सगळं नीट.”

दुसऱ्याच्या कडा हातात घ्यायच्या तर आधी लांबून बघायचं असतं, ओळ कुठे झुकतेय ते. सवयीने ती रस्ता ओलांडून बसथांब्याशी गेली. थांब्यावर तीन-चार माणसं होती, सगळी बसची वाट बघत असल्यासारखी. तिने वळून भिंतीकडे पाहिलं.

आणि तिला भिंत दिसली. तुकड्या-तुकड्याने नव्हे, पहिल्यांदा सबंध.

पहिला आणि दुसरा प्रश्न बारीक कापऱ्या हाताचे. ते कोरड्या दिवसांचे. तिसरा, चौथा, पाचवा ताठ, देखणे, जोरदार. आणि सहावा म्हणजे वाऱ्यावरचा दोरा. असा हात तिने फक्त एकदाच पाहिला होता, दवाखान्यात नेलं त्या सकाळी. हात सुधारत गेला असता तर तो हळूहळू सुधारला असता. हा एका दिवसात सुधारला होता आणि एका दिवसात मोडला होता. एका दिवसात हात सरळ करणारी एकच गोष्ट त्यांच्या घराला माहीत होती.

दोन आठवडे गाढ झोपलीस, ती स्वतःला म्हणाली. गाढवासारखी.

टर्पेंटाइनचा वास. अलीकडे तो खिशात टर्पेंटाइनची चिंधी ठेवायचा. धंद्याचा वास म्हणून तिने नाकही मुरडलं नव्हतं.

मग, कारण आता ती भरत नव्हती आणि नियम लागू नव्हता, तिने पाचवा प्रश्न वाचला.

‘दारू एकदम बंद केली तर चालते का?’

खाली तिच्याच हाताने भरलेलं उत्तर. रोज पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. पहिले दोन-तीन दिवस जिवाला धोका असतो. घाम, थरथर, झोप उडणे, नसलेल्या गोष्टी दिसणे ही लक्षणे आहेत. झटके येऊ शकतात. आधी असा त्रास झालेल्या माणसाला पुन्हा जास्त जोराने होतो. घरी थांबू नये. लगेच दवाखान्यात आणावे.

‘आणावे’ अजून अर्धंच भरलं होतं.

रस्ता तिने कसा ओलांडला, गाडी येत होती की नव्हती, तिला नंतर आठवेना. ती फळीखाली उभी राहिली. काका ऐकतील म्हणून दबक्या आवाजात म्हणाली, “कधीपासून घेताय?”

“नाही घेत.”

“मी लांबून बघून आलेय.”

त्याने ब्रश डब्याच्या कडेला पुसला. मग म्हणाला, “काल दुपारपासून बंद केलीय ना पण. एकदम. कुणाच्या मदतीशिवाय.” आवाजात चक्क अभिमान होता. “उद्याच्या तपासणीत काही सापडणार नाही.”

“हे वाचलंत का तुम्ही? हे खालचं?”

“मीच काढलंय ते.”

“वाचलंत का?”

“वाचलं की.” त्याने काठी भिंतीला टेकली, काठी भिंतीवर टकटक वाजत राहिली. “पण पाटी कधी पेंटरसाठी असते का गं? ती लोकांसाठी.”

तिला रडू आलं असतं, पण वेळ नव्हता. “खाली उतरा.”

“बाईंना सांगू नकोस. नाव कापतील माझं. काम काढून घेतील. दुपारी घरी जाऊ, दार लावून पडतो. दोन दिवसांत उतरतं सगळं. तू फक्त हे सहावं आवर.”

तिला येत होतं ते. तेच तर तिला येत होतं. अर्ध्या तासात तिने सहावा प्रश्न असा काढला असता की डॉक्टरीणबाईंच्या सात पिढ्यांना पत्ता लागला नसता. काकांना सांगायचं, अंगात कणकण आहे. बसने घरी. पडदा ओढून घ्यायचा. बहिणीला काही कळायचं कारण नव्हतं. ‘या वेळी सुटली’ हे वाक्य तसंच राहिलं असतं, कापसात गुंडाळलेल्या काचेच्या भांड्यासारखं. दोन महिन्यांत पहिल्यांदा लोक तिला तिच्याबद्दल विचारायला लागले होते, त्याच्याबद्दल नाही. ते सगळं एका वाक्याने जाणार होतं. आणि दवाखान्याचं दार सहा पावलांवर होतं.

वर फळी करकरली. त्याने हवेतलं काहीतरी झटकलं आणि त्याचा तोल एका बाजूला गेला. तिने हात वर करून त्याचा घोटा पकडला. घोटा तिच्या मुठीत आतून थरथरत होता.

“काका!” ती ओरडली. “बाईंना बोलवा!”

काका चहा सांडत उठले. “काय सांगू?”

तिच्या जिभेवर आलं, चक्कर आलीय सांगा. अगदी टोकावर आलं. ते गिळायला तिला एक श्वास लागला.

“सांगा, पेंटर पुन्हा पीत होता,” ती म्हणाली, “आणि काल त्याने एकदम बंद केलीय. नसलेल्या मुंग्या दिसतायत त्याला.”

रस्ताभर ऐकू गेलं. थांब्यावरच्या माणसांनी माना वळवल्या आणि मग शहाण्यासारख्या पुन्हा बसच्या दिशेला केल्या. वर पेंटरने डोळे मिटून घेतले. तिने घोटा सोडला नाही.

काका मात्र क्षणभरही थबकले नाहीत. फाटकातून आत हाक मारून ते परत धावत आले, त्यांनी खांदा फळीला लावला आणि त्याला बगलेत धरून खाली घेतलं. म्हातारा अंगाने काडी, पण पकड लोखंडाची.

“नाव कापतील,” पेंटर पुटपुटला.

“गप रे,” काका म्हणाले. “माझं चार वेळा आहे या रजिस्टरात. कापायला लागले तर पानं उरायची नाहीत. पाय उचल.”

आत सगळं भराभर झालं. खाट, सुई, दंडाला पट्टा. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर पेंटरीणबाईला बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि त्याच्या चेहऱ्यापाशी वाकून विचारलं, “शेवटची कधी घेतली?”

“काल. बाराच्या सुमाराला.”

“त्याआधी किती दिवस रोज चालू होती?”

त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. तिच्याकडे आकडा नव्हता. पण नसलेला आकडाही ती आजवर देत आली होती. कमीतला, लोकांना झेपेल असा. तिने ओठ घट्ट मिटले आणि सुईवर चिकटवलेल्या पट्टीकडे बघत राहिली. बाईंना घाई नव्हती.

“अठरा,” तो शेवटी म्हणाला. “अठरा दिवस.”

बाईंनी लिहून घेतलं. “खरं सांगितलंत, त्यामुळे औषध बरोबर देता येईल. आजची रात्र आणि उद्याचा दिवस कसोटीचा आहे. आम्ही जागे आहोत.”

“बाई,” तिने विचारलं, “म्हणजे दोन महिने पाण्यातच गेले ना?”

“नाही. ते दोन महिने झालेत, ते कुणी काढून घेत नाही. पण पुढचं सोपं आहे असंही मी सांगणार नाही.” आणि त्या सिस्टरला औषध सांगायला बाहेर गेल्या.

ती खुर्चीवर बसली. त्याचा हात तिच्या हाताखाली कापत होता. तिने तो दाबून धरला नाही. कापू दिला.

“अठरा?” ती म्हणाली.

“हो.”

“आधी बरे व्हा. मग मी भांडणार आहे. चांगलं आवाज चढवून, बहिणीसमोर.”

औषध चढायला लागलं होतं. त्याच्या पापण्या जड झाल्या. “भांड,” तो म्हणाला.

ती त्याचे श्वास मोजत बसली.