तांदूळ काय पाहुणा आहे?

टाळेबंदीमुळे सगळं ताश्कंद घरात कोंडलेलं, आणि हुमोराचा थोरला भाऊ जावलोन तिच्याच स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलेला.

"पुलाव हे बाप्यांचं काम," तो म्हणाला. "तुझा फसला, तर टाळेबंदी उठेपर्यंत कढई तू घासायचीस. जमला तर मी."

हुमोराचं डोकं फिरलं. तिने चहाचा पियाला काठोकाठ भरून त्याच्यापुढे आपटला. मान द्यायचा तर अर्धाच ओततात. काठोकाठ म्हणजे, ऊठ आता.

"जाऊ कुठे? बाहेर पोलीस आहेत," म्हणत त्याने तो सावकाश पिऊन टाकला.

गुलचेहरा मावशीने फोनवरून कृती सांगितली. मटण, गाजर परतून झालं, तांदूळ पडले, वर सांगितले तेवढे पियाले पाणी. झाकण काढलं तर तांदूळ खडखडीत!

"दात पाडतेस काय?" जावलोन खिदळला.

हुमोरा फोनवर ओरडली, "मावशी, तू चारच पियाले म्हणालीस!"

"भरून घातलेस ना?"

"भरून? अर्धे! आपल्यात भरून कोण देतं?"

"अगं भवाने, तांदूळ काय पाहुणा आहे?"

हुमोराने दातओठ खात काठोकाठ भरलेले पियाले कढईत ओतले आणि झाकण दाबलं. तांदूळ असे फुलले, की घरच्यांनी कढई चाटूनपुसून रिकामी केली.

जावलोन मुकाट घासायला बसला. हुमोराने त्याला चहा आणून दिला. अर्धा पियाला.

"वा! मान देतेस?"

"हट्! चहा संपलाय."