पन्नास मिनिटांची वाट

आबांनी सरकारी बस चालवली ती एकाच मार्गावर. संध्याकाळी निघायचं, रात्रभर वळणं कापायची आणि सकाळी दुसऱ्या शहराच्या स्टँडवर गाडी लावून दात घासायचे. आता त्याच दोन शहरांमध्ये त्यांची लेक विमान घेऊन ये-जा करत होती. ती सहवैमानिक झाली होती. या विमानतळावरून त्या विमानतळावर पोहोचायला पन्नास मिनिटं.

"तेवढ्यात आमची गाडी शहराबाहेरसुद्धा पडायची नाही," आबा म्हणायचे.

लेकीने आई-आबांची आपल्याच विमानाची तिकिटं काढली, तेव्हा त्यांनी गुडघ्यापासून हवामानापर्यंत सगळी कारणं सांगून पाहिली. शेवटी आईने एकटीचीच पिशवी भरायला घेतली, तेव्हा कुठे स्वारी हलली.

रस्ता डोंगराला वळसा घालून जातो, विमान सरळ जातं, म्हणून अंतरही जवळजवळ निम्मंच भरतं, असं लेकीने समजावलं होतं. आबांना ते पटलं होतं, रुचलं नव्हतं. खिडकीतून ते आपला रस्ता शोधत राहिले, पण खाली नुसते ढग. चहा संपतो न संपतो तोच विमान उतरायला लागलं.

छपरं दिसली, झाडं दिसली, आता चाकं टेकणार, एवढ्यात इंजिनं गरजली आणि विमान पुन्हा वर निघालं. आईने आबांचं मनगट घट्ट धरलं. मागच्या सीटवरचे गृहस्थ आपली मीटिंग बुडणार म्हणून कुरकुरू लागले. आबांचा उजवा पाय केव्हाच ब्रेक शोधत पुढे गेला होता. तो त्यांनी गुपचूप मागे घेतला.

"पुढे मोकळं नसेल," ते आईला म्हणाले. "घाबरू नकोस."

मोठा फेरा मारून विमान दुसऱ्या खेपेला अलगद टेकलं.

बाहेर लेक भेटली ती उतरल्या चेहऱ्याने. विमान तिच्याच हातात होतं. ऐन वेळी वारा फिरला, तिला नीट वाटेना, म्हणून तिने उतरणं सोडून दिलं. कॅप्टन म्हणाले, बरोबर केलंस. पण प्रवासी उतरताना त्या मीटिंगवाल्या गृहस्थांनी तिला चार शब्द सुनावले होते. आणि नेमके आजच आईवडील विमानात.

आबांनी तिच्या हातातली बॅग घेतली.

"उशीर झाला म्हणून भांडायला तो माणूस धडधाकट खाली उतरला ना? मग झालं तर. मी जन्मभर अशा शिव्या खाल्ल्या. पचतात."

लेकीला हसू आलं आणि डोळेही भरले. तिच्या पोटात पहाटेपासून काही नव्हतं, हे आईने न विचारताच ओळखलं आणि दोघांना कँटीनमध्ये नेऊन बसवलं. दोन घास पोटात गेल्यावर लेकीचा चेहरा जरा खुलला. तेव्हा आबांनी विचारलं, वारा फिरला हे आत बसून कळतं तरी कसं?

तिने बशीचा रनवे केला, चमच्याचं विमान केलं आणि सांगायला लागली. आबा पुढे वाकून ऐकत होते. एकदाही त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही, याचं आईला फार नवल वाटलं.