मुलुंडला मुकी पोचलेली पायपेटी

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे, आणि कोणावर चटकन विश्वास टाकायची मला सवय नाही. पायांनी भाता हलवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं, अशी माझी रीत. हातपेटीची मोठी बहीण म्हणा. माझं लाकूड अस्सल सागाचं आहे असं सगळे म्हणतात, पण सुतार काय काय खपवतात ते मला ठाऊक असल्यामुळे मी त्याचीही खात्री देत नाही.

माझं तरुणपण एका नाटक कंपनीत गेलं. गाण्याला टाळ्या पडायच्या, त्या गाणाऱ्याला. आम्ही बैलगाडीतून, होडीतून गावोगाव हिंडायचो. प्रत्येक मुक्कामाला माझा एखादा कोपरा झडायचा, आणि कोणी उडवला असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवायचे. शेवटी कंपनी बुडाली आणि मॅनेजर थकलेल्या भाड्यापोटी मला एका घरमालकाच्या गळ्यात मारून पसार झाला. तेव्हापासून कंपनी हा शब्द कानावर पडला की माझा भाता आपोआप आवळतो.

त्या घरमालकाकडून कुंदाच्या वडिलांनी मला आणलं. कुंदा तेव्हा परकरी पोर होती. ती माझ्यावर सारेगम शिकली, मोठी झाली, आणि लग्न होऊन अंधेरीला श्यामसुंदर प्रधानांच्या घरी आली, तेव्हा मीही तिच्याबरोबर आले. तिथे ती आजूबाजूच्या मुलींना गाणं शिकवायची. वाजवायच्या आधी मला हात लावून नमस्कार करायची. एवढ्या वर्षांत एका माणसावर माझा विश्वास बसला, तो तिच्यावर.

पुढे श्यामसुंदररावांच्या कचेरीतल्या मंडळींनी मिळून मुलुंडला घरं बांधली. सन पंचावन्नच्या आसपासची गोष्ट. तेव्हाचं मुलुंड म्हणजे विहिरी, म्हशींचे तबेले आणि मधूनमधून नव्या चुन्याचा वास येणाऱ्या चाळी. कुंदाने आधीच जाऊन तिथल्या आयांशी बोलणं केलं होतं. दसऱ्याला तिचा वर्ग सुरू व्हायचा होता. या वर्गासाठी तिने सासरच्यांची बोलणी ऐकून घेतली होती, आणि माझ्यावाचून तो सुरू होणं शक्य नव्हतं.

सामान न्यायला कोण आलं असेल? कंपनी!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी लॉरी दारात उभी राहिली. सामान वाहणाऱ्या त्या कंपनीचे मालक स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून आले होते. तोंडात पान, बोलण्यात साखर. "काही काळजी करू नका प्रधानसाहेब, तुमची बशीसुद्धा हलणार नाही." हे वाक्य ते दर दाराशी म्हणत असणार, अशी मला तेव्हाच शंका आली. हमालांमध्ये काशीराम नावाचा कोकणातला एक नवा गडी होता. त्याने मला टिचकी मारली, खाली वाकून पाहिलं, पाठीवरून हात फिरवला. याला माझ्यात काय एवढं दिसतंय? मी त्याच्यावर डोळा ठेवला.

कुंदाचाही कोणावर भरवसा नव्हता. माहेरची एकच मोलाची वस्तू तिच्याजवळ होती, चांदीची गुलाबदाणी, उंच मानेची. ट्रंकेत ठेवली तर हमाल कुलूप फोडतील, हातात घेतली तर रस्त्यात कोणी हिसकावील. सगळे खाली गेले असताना तिने माझ्या पाठीची फळी काढली, गुलाबदाणी जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या पोटात, अगदी भात्याला लागून सरकवली आणि फळी पुन्हा लावली. नवऱ्यालाही तिने सांगितलं नाही. मला जरा टोचत होतं. पण तिचे हात होते, म्हणून मी गप्प राहिले.

काशीरामने मला पाठीवर घेतलं आणि तो थबकला. "बाईनू, ह्येच्या पोटात कायतां वाजता."

कुंदाचा चेहरा उतरला. "काही नाही. जुनी आहे ती, खुळखुळते. तू चल."

"नाय, म्हंजे आत काय आसला तर आडवी नको घालूक..."

"काही नाही म्हटलं ना!"

झालं. त्याने मला लॉरीत आडवं घातलं.

अंधेरी-कुर्ला रस्त्यावर जे खड्डे लागले, त्यांचं वर्णन करत नाही. दर खड्ड्याला ती चांदीची मान माझ्या भात्यात घुसत होती. कपाटाच्या आरशाला ज्या दोरीने बांधलं होतं ती वाटेत सुटली, आणि आग्रा रोडवर घाटकोपरच्या पुढे तो माझ्यासमोर खळकन फुटला. ड्रायव्हरने मागे वळूनही पाहिलं नाही.

मुलुंडला सामान उतरलं. आरसा पाहून श्यामसुंदररावांचा पारा चढला. मालक मात्र शांत. "तो आधीच तडकलेला होता साहेब."

"मी सकाळी त्यात बघून दाढी केलीय!"

"मग नीट बघितला नसेल."

तेवढ्यात कुंदा माझ्यासमोर बसली. तिने नमस्कार केला, पाय हलवले, पट्टी दाबली. माझ्यातून नुसती हवा फुसफुसली. तिने दुसरी दाबली, तिसरी दाबली. मित्रांनो, सूर सगळे जागच्या जागी असून तोंड उघडता येत नाही, याचं दुःख काय सांगू! मला रडायचं होतं आणि तेही जमत नव्हतं.

"बघा! पेटीची वाट लावली!" श्यामसुंदरराव ओरडले. "कोणी आणली ही?"

सगळ्यांनी काशीरामकडे बोट दाखवलं. नाटक कंपनीत दाखवायचे, अगदी तसंच.

"मियां आपटूक नाय, साहेबानूं," काशीराम म्हणाला. त्याने एकदा कुंदाकडे पाहिलं, आणि तो दाराकडे सरकला.

मालकांना तेवढंच हवं होतं. "नवा माणूस आहे साहेब, याचीच चूक. ए, उद्यापासून येऊ नकोस तू. झालं साहेब? आता आरशाचं सोडून द्या."

कुंदा मान खाली घालून बसली होती. आता मला तिचाच संशय येऊ लागला. ती बोलली तर चूक घरच्यांचीच ठरून आरशाचीही भरपाई जाणार, नवऱ्यासमोर मान खाली जाणार. गप्प राहिली तर एका माणसाची भाकरी जाणार, एवढंच. आणि तो माणूस कोण? आठवड्याने त्याचा चेहराही आठवणार नाही. ज्या एका माणसावर मी विश्वास टाकला होता, तीही इतरांसारखीच निघते की काय, या भीतीने मी अर्धी झाले.

कुंदा उठली. माझ्या पाठीची फळी काढून तिने ते बोचकं बाहेर ओढलं. गुलाबदाणीची मान वाकली होती आणि तिला माझ्या भात्याच्या कातड्याची चिंधी लटकत होती.

"मी ठेवली होती ही," ती म्हणाली. "याने मला विचारलं होतं, आत काय वाजतंय म्हणून. मी खोटं बोलले. याची काही चूक नाही."

मालक मोठ्याने हसले. "बघा! मग आरसाही असाच तुमच्याच हातून गेला असेल. चला रे, लॉरी काढा!"

कोणी हललं नाही, कारण काशीराम दारातच उभा होता. त्याची नोकरी नुकती वाचली होती. गप्प बसला असता तर निभावलं असतं.

"आरसो आमच्याच हातान फुटलो, शेठ," तो म्हणाला. "दोरी ढिली बांधलंव आमी."

मालकांचं पान तोंडातच राहिलं. ते त्याच्या अंगावर जाणार, तोच श्यामसुंदरराव मध्ये आले. "याला कामावरून काढलंत, तर कचेरीतली अजून आठ बिऱ्हाडं इथे यायची आहेत, त्यांतलं एकही तुमच्या लॉरीत बसणार नाही. आणि आरसा दोन दिवसांत हवा."

आरसा दोन आठवड्यांनी आला, आणि त्यात प्रत्येकाचं नाक वाकडं दिसायचं. कंपनी शेवटी कंपनीच! काशीरामची नोकरी मात्र टिकली, याची मी त्या आठ बिऱ्हाडांच्या लॉऱ्या खिडकीतून मोजून, प्रत्येकीवर तो आहे ना हे पाहून खात्री करून घेतली. माझा भाता बदलेपर्यंत दिवाळी उलटली. दसऱ्याला कुंदाने तो वर्ग पेटीशिवाय, टाळी देत सुरू केला. मुली भलत्याच पट्टीत गात होत्या आणि मी कोपऱ्यातून मुकाट्याने ऐकत होते.

आता माझ्यासमोर कोणी फारसं बसत नाही. पाठीला वाळवी लागली की काय, अशी मला हल्ली शंका येते. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल तर कधीतरी फडकं मारा, वाजवून बघा. आणि घर बदलायची वेळ आलीच, तर कोणावर विश्वास ठेवा असं मी सांगणार नाही, मलाच ते अजून नीट जमलेलं नाही. संशय घ्या, हवा तेवढा घ्या. पण ज्याच्या पाठीवर ओझं देता, त्याने आत काय आहे असं विचारलं, तर त्याला खरं सांगा.