रंगवलेलं दार

टीव्हीवरच्या खेळाच्या रिमोटचं, डाव्या अंगठ्याखालचं बोराएवढं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, आणि त्याच्यावर अंगठा घाशीत दीर अगदी तिच्या कानाशी कुरकुरत होता, "हे दार उघडत नाही बुवा. गावातली सगळी उघडतात, हेच तेवढं नाही."

"सोडा ना काका," लेक म्हणाली. "आत काही नाहीये त्याच्या."

आत काही नाहीये. तिने ऐकलं आणि रबराकडेच बघत राहिली, कारण टीव्हीकडे मान वळवली असती तर त्या दाराशेजारी, विहिरीच्या काठाशी उभी असलेली बाई दिसली असती — राखी झग्यातली, सडपातळ, तिच्याहून चांगली वीस वर्षांनी लहान, आणि थोड्या थोड्या वेळाने मनगटाच्या मागच्या बाजूने कपाळावरचे केस सारणारी. हात साबणाचे असले की माणूस केस तसे सारतं. त्या बाईच्या हातांना काहीच लागलेलं नव्हतं. तरी आपली सारत होती.

नवरा जमिनीवर मांडी घालून बसला होता, गुडघ्यावर कागद, कानावर पेन्सिल. चार वर्षं आतल्या खोलीत दार लावून त्याने हा खेळ केला. उद्या सकाळी खेळ जगात जाणार होता — जगात, हा त्याचाच शब्द — आणि त्याआधी घरच्यांनी एकदा खेळून गुण-दोष सांगावेत म्हणून ही रविवारची दुपार. "भीडभाड ठेवू नका," तो म्हणाला होता. भीड! या घरात भिडेशिवाय दुसरं काय जपून ठेवलंय कोणी...

गोष्ट तशी साधी. राक्षसाने गावची नदी चोरून नेलीय, आणि निळ्या अंगरख्यातला पोरगा ती परत आणायला डोंगरांपलीकडे निघालाय. प्रत्येक मोहीम झाली की तो गावात येतो, विहिरीशी थांबतो, आणि ती बाई म्हणते —

"आलास? दम—"

काकाच्या हातावरून हात घालून लेकीने बटण दाबलं होतं. "हे गोल बटण दाबलं की बोलणं तुटतं. नाहीतर दर वेळी ऐकत बसावं लागतं."

"झकास सोय आहे," दीर म्हणाला. "आमच्या घरी पण बसवून दे रे दादा असलं एक." तो हसला, हसता हसता वहिनीकडे त्याची नजर गेली, आणि मग त्याला एकाएकी घसा खाकरावासा वाटला.

म्हणजे ओळखलं होतं. आवाज तिचा होता, केस सारणं तिचं होतं, आणि तिघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती.

"जंगलाला मात्र तोड नाही," दीर घाईघाईने म्हणाला. "पान अन् पान हलतंय."

"आणि गवत बघा ना. चाललं की वाट पडते, आणि मागे हळूहळू पुन्हा उभं राहतं. बाबा, हे भारी आहे."

भारी होतंच. तिला तेच सहन होत नव्हतं. खेळ वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट खेळ करणाऱ्याची कीव करता येते, त्याला चहा करून देता येतो. पण ज्या माणसाला तुडवलेलं गवत किती वेळाने मान वर करतं हे कळतं — ज्याने ते बघत बसायला आयुष्यातली चार वर्षं घातली — त्याला...

"दोष सांगा, दोष," नवरा म्हणाला.

"तलवार आज मारली की उद्या लागते," दीर म्हणाला. "आणि हा डोळा मध्येच भिंतीत घुसतो."

"कॅमेरा, काका."

"तेच ते. आणि चालायला फार लावतोस. एवढं चाललो असतो तर माझं पोट नसतं राहिलं."

नवरा सगळं उतरवून घेत होता. तलवार, भिंत, चालणं. पोटाचंही लिहिलं असेल कदाचित.

गेल्या हिवाळ्यात, ती नुकतीच कामावरून आली होती, चपलासुद्धा पायात, आणि त्याने आत हाक मारली होती. खोलीभर गोधड्या टांगलेल्या, मधोमध माइक. "जरा एक वाक्य म्हण ना. मी दमून घरी आल्यावर तू म्हणतेस तसं." तिने म्हटलं होतं. छान म्हटलं होतं, मऊ आवाजात, कारण त्याने इतक्या दिवसांनी काहीतरी मागितलं होतं आणि ती मेली खूश झाली होती... पण दमून कोण आलं होतं? घराबाहेर कोण गेलं होतं चार वर्षांत? रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीत मी बसते, आणि येणाऱ्याला सांगते: तिसरा मजला, डावीकडे. कागद आणलेत का. पुढे कोण आहे — दिवसभर. लोक काचेशी बोलतात, काचेमागे कोण आहे ते कोणी बघत नाही. मग स्वतःच्या किल्लीने स्वतःचं कुलूप काढायचं, आणि आतल्या खोलीच्या दाराखाली निळा उजेड, आणि आवाज, "आलीस का? चहा टाकतेस?" हो, टाकते. तळपायाची आग मस्तकात जाते आणि वाटेत कुठेतरी तिचा चहा होतो.

"तू काहीच बोलली नाहीस," नवरा म्हणाला. पेन्सिल तयार होती.

"दे रे तो रिमोट इकडे."

"कंट्रोलर, आई."

"बघू तरी, काय कंट्रोल होतंय."

निळा पोरगा आधी झाडावर आपटला, मग पुलावरून सरळ नदीच्या कोरड्या पात्रात गेला. दीर म्हणाला, "वहिनी, त्याने तुमचं काय घोडं मारलंय?" लेक हसली, नवराही हसला. ती हसली नाही. रबर अंगठ्याखाली सटकत होतं. धडपडत, गवतात वाकड्या वाटा पाडत तिने त्याला गावात आणलं, विहिरीशी आणलं, आणि गोल बटणाकडे लेकीचा हात येतोय असं दिसताच कोपराने तो बाजूला सारला.

"आलास? दमला असशील."

पूर्ण वाक्य. दुपारभरात पहिल्यांदाच. आपला आवाज इतका मऊ असतो हे तिला ठाऊक नव्हतं; कोणाला असा आवाज देऊन बसलो आपण!

मग तिने पोरग्याला दारासमोर उभं केलं आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. लाकडाच्या रेषा होत्या, खिळ्याभोवती गंज होता, हात लागून लागून चकचकीत झालेली कडीसुद्धा होती — इतकं निरखलं होतं त्याने, आणि दार रंगवलेलं होतं. भिंतीवरच. मागे खोली नव्हतीच. दिवस मावळला, राक्षस आला, बर्फ पडलं, तरी ती बाई बाहेरच, विहिरीशी, कोरड्या हातांनी केस सारत.

ती दाबत राहिली. ठक. ठक. ठक. दीर छताकडे बघत होता, लेक नखं बघत होती.

"ही मी आहे," ती म्हणाली.

नवऱ्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"दार का नाही उघडत?"

नवऱ्याने पेन्सिल कागदावर ठेवली, ती घरंगळली, ती त्याने जाऊ दिली. "करायला घेतलं होतं," तो म्हणाला. "आतलं घर. चूल केली, खिडकी केली. मग... कोणी आलेलं नसतं तेव्हा ती आत काय करत असेल, तेच मला सुचेना. खूप दिवस बसलो होतो त्याच्यावर. शेवटी दार रंगवून टाकलं." तो थांबला. "मला खरंच माहीत नाही. तू सांग."

हेच ऐकायचं होतं तिला, चार वर्षं ऐकायचं होतं, आणि त्यावर काय काय बोलायचं ते सगळं धार लावून ठेवलं होतं. तिने तोंड उघडलं. आत काय असतं... कोणी आलेलं नसतं, तेव्हा...

तिसरा मजला, डावीकडे.

एवढंच आलं जिभेवर. राग होताच, पण आता तो नवऱ्यावर नव्हता, निदान एकट्या त्याच्यावर नव्हता. आणि अंगठा रबरावर तसाच ठेवून ती त्या दाराकडे बघत राहिली.